सेलमचे खटले शिकवताना

फेब्रुवारी १६९२ ते मे १६९३ या काळात मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत चेटुकाच्या आरोपांवरून जी धरपकड, चौकश्या आणि खटले झाले, ते इतिहासात सेलमच्या नावाने ओळखले जातात. दीडशेहून अधिक माणसांवर आरोप झाला. १४ स्त्रिया आणि ५ पुरुष फासावर गेले. जाईल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तेव्हा अंगावर दगडांचे ओझे वाढवत नेऊन त्याला मारण्यात आले. आणखी किमान ५ जण तुरुंगात मेले, शिवाय एक तान्हे मूल.

युरोपच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत तिथे चेटकीण ठरवून मारलेल्यांची संख्या चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान धरली जाते. तरीही शाळेत शिकवायला सेलमच सोयीचे पडते, याचे पहिले कारण म्हणजे कागद. वॉरंटे, चौकशीतली प्रश्नोत्तरे, शेजाऱ्यांचे अर्ज, तुरुंगाची बिले असे शेकडो दस्तऐवज टिकून आहेत आणि त्यांतले बरेचसे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना समजावून देता येतात. दुसरे कारण आटोपशीरपणा. सगळे प्रकरण सव्वा वर्षात, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत घडले. तिसरे कारण मात्र शिक्षकाला अडचणीत टाकणारे आहे: या प्रकरणाची सुरुवात मुलांपासून झाली. बेटी पॅरिस नऊ वर्षांची होती, तिची नातलग ॲबिगेल विल्यम्स अकरा वर्षांची, ॲन पुटनम बारा वर्षांची. वर्गात बसलेल्यांच्या वयाच्या मुलींनी बोटे दाखवली आणि म्हातारी माणसे फासावर गेली, हे मुलांना फार पटकन कळते, आणि पटकन कळल्यामुळेच चुकीचे कळते.

शिकवण्याआधी मुलांच्या डोक्यातली चेटकीण बाहेर काढावी लागते. टोकदार टोपी, झाडू, काळे मांजर आणि चितेवर जाळणे हे सगळे चित्रपटांतून येते. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही. इंग्रजी कायद्यात चेटूक हा फाशीचा गुन्हा होता. जाळण्याची शिक्षा युरोपच्या मुख्य भूमीवरची आणि स्कॉटलंडमधली. आरोप झालेली माणसेही गोष्टीतल्या चेटकिणीसारखी नव्हती. रेबेका नर्स ७१ वर्षांची, ऐकायला कमी येणारी, चर्चमध्ये मान असलेली आजी होती. जॉर्ज बरोज धर्मोपदेशक होता. ही दुरुस्ती पाच मिनिटांत उरकावी. तिच्यात रमलेला तास वाया जातो, कारण टोपी-झाडूची चर्चा मुलांना आवडते आणि ती संपता संपत नाही.

खरा वेळ द्यायचा तो १६९२ च्या गावाला. सेलम व्हिलेज म्हणजे सेलम बंदरापासून काही मैलांवरचे शेतकऱ्यांचे गाव. आज त्याचे नाव डॅनव्हर्स आहे. गाव बंदराच्या अधिपत्याखाली होते आणि त्याला वेगळे व्हायचे होते. गावातही दोन तट होते आणि सॅम्युएल पॅरिस हा धर्मोपदेशक दोघांच्या मध्ये सापडला होता. त्याचा पगार आणि त्याला द्यायचे जळाऊ लाकूड यावरून भांडण इतके विकोपाला गेले होते की थंडीच्या ऐन दिवसांत त्याच्या घरी सरपणाची मारामार होती. उत्तरेला मेनच्या सरहद्दीवर वाबानाकी आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होते. जळलेल्या वस्त्यांतून पळून आलेल्या अनाथ मुली सेलममध्ये मोलकरणी म्हणून राबत होत्या आणि पुढे आरोप करणाऱ्यांत त्यांतल्या काही जणी होत्या. वसाहतीची सनद १६८४ मध्ये रद्द झालेली, नवी अजून यायची होती. आणि सैतान प्रत्यक्षात आहे, तो माणसांशी करार करतो, हे गावातल्या शिकलेल्या माणसालाही मान्य होते. बोस्टनचे विद्वान इन्क्रीज मॅथर आणि त्यांचा मुलगा कॉटन मॅथर हेही तसे मानत. मुलांना हे सांगताना ‘त्या काळी लोक अडाणी होते’ हे वाक्य टाळलेलेच बरे. ते वाक्य उच्चारले की वर्गाची सुटका होते: आपण अडाणी नाही, तेव्हा हे आपल्याला लागू नाही.

घटना तारखेनुसार सांगाव्यात आणि शेवट लपवून ठेवावा. या विषयातले सगळ्यांत मोठे कौशल्य एवढेच आहे. एकोणीस फाशा आधी सांगून टाकल्या की पुढची प्रत्येक पायरी मुलांना मूर्खपणाची वाटते, आणि मग शिकण्यासारखे काही उरत नाही. शेवट माहीत नसताना तीच पायरी साधी, काळजीपोटी उचललेली वाटते. जानेवारीत पॅरिसच्या घरातल्या दोन मुली, बेटी आणि ॲबिगेल, विचित्र वागू लागतात: आचके, किंचाळणे, टेबलाखाली लपणे. बेटीचा बाप आधी प्रार्थना करतो. मग डॉक्टरला बोलावतो. डॉक्टरला रोग सापडत नाही, तेव्हा तो दुष्ट शक्तीकडे बोट दाखवतो. शेजारची मेरी सिब्ली उपाय सुचवते: मुलींचे मूत्र राईच्या पिठात मळून भाकरी भाजायची आणि ती कुत्र्याला घालायची. पॅरिसच्या घरी गुलामीत असलेली टिट्युबा आणि जॉन इंडियन ती भाजतात. त्यानंतर मुली नावे घेऊ लागतात. २९ फेब्रुवारीला तिघींची वॉरंटे निघतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून ‘आता तुम्ही काय केले असते?’ एवढेच विचारावे. डॉक्टरपर्यंत वर्ग एकमताने गावाबरोबर असतो. बहुतेक मुले वॉरंटापर्यंतही गावाबरोबरच येतात. चौकशी तर करायलाच हवी, असे त्यांना वाटते. हा होकार फळ्यावर लिहून ठेवावा.

त्या तिघी कोण होत्या, हे इथे सांगायचे. सारा गुड भीक मागत दारोदार फिरे आणि कोणी काही दिले नाही की पुटपुटत निघून जाई. सारा ऑस्बर्न आजारी होती, बरेच दिवस चर्चला गेलेली नव्हती, आणि जमिनीच्या वारशावरून तिचा पुटनमांच्या गोतावळ्याशी वाद होता. तिसरी टिट्युबा. तिघींच्या बाजूने उभे राहायला गावात कोणी नव्हते. सारा गुडचा तर नवराच तिच्याविरुद्ध बोलला. मुलांना यात नमुना शोधायला सांगावा लागत नाही, तो त्यांना शाळेच्या मैदानावर रोज दिसतो.

टिट्युबाबद्दल एक खबरदारी. समकालीन कागदांत तिचा उल्लेख इंडियन असा येतो. तिला आफ्रिकी ठरवणे, तिच्याकडून मुलींना वूडू शिकवणे, स्वयंपाकघरात शेकोटीभोवती भविष्य बघणे हे सगळे नंतरच्या लेखकांनी आणि नाटककारांनी भरलेले रंग आहेत. मुलांच्या पुस्तकांत ते अजूनही सर्रास आढळतात. पुस्तकातले वाक्य आणि चौकशीचा कागद शेजारी ठेवले की मुले स्वतःच फरक काढतात, आणि छापलेले सगळे खरे नसते हे त्यांना कोणी न सांगता कळते.

१ मार्चची चौकशी हा या पाठाचा गाभा. जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन हे दंडाधिकारी प्रश्न विचारत होते. सारा गुडला पहिलाच प्रश्न असा की कोणत्या दुष्ट आत्म्याशी तिची ओळख आहे. ओळख आहे का, असा नाही. तिने नाही म्हटल्यावर थोड्याच वेळात आणखी एक प्रश्न, ती या मुलींना का छळते. छळते का, असाही नाही. मुलांना कागदावर प्रश्नांखाली रेघ ओढायला लावावी: कोणत्या प्रश्नात उत्तर आधीच ठरले आहे? मग ते प्रश्न निर्मळ करून पुन्हा लिहायला सांगावे. हे काम दिसते त्यापेक्षा अवघड असते. बहुतेकांच्या दुरुस्त प्रश्नातही पहिल्या वेळी आरोप लपलेला राहतो. चौकशीच्या वेळी त्या मुली तिथेच हजर होत्या आणि आरोपीने मान हलवली की त्यांनाही आचके येत, ओठ चावला की त्या ओरडत. साक्षीदारांना वेगवेगळे का बसवले नाही, हा प्रश्न मुलांपैकी कोणीतरी हमखास विचारते. १६९२ मध्येही तो विचारला गेला होता. मेरी ईस्टी हिने शिक्षा झाल्यावर न्यायालयाला जो अर्ज केला, त्यात आपल्या जिवाची भीक न मागता आरोप करणाऱ्यांना एकमेकींपासून दूर ठेवून तपासा, असे सुचवले होते. २२ सप्टेंबरला तिला फाशी झाली.

टिट्युबाने कबुली दिली, आणि तीही तपशीलवार: बोस्टनहून आलेला उंच माणूस, पिवळा पक्षी, काळा कुत्रा, सैतानाची वही, तिच्यात नऊ जणांच्या खुणा. नऊ म्हटल्याबरोबर तिघींवर थांबणे अशक्य झाले. मुले तिला खोटारडी म्हणून मोकळी होतात, तेव्हा एक तक्ता करायला द्यावा. एका बाजूला कबुली देणारे, दुसऱ्या बाजूला नाकारणारे, आणि समोर प्रत्येकाचे काय झाले. ज्यांनी कबुली दिली आणि ती शेवटपर्यंत मागे घेतली नाही, त्यांच्यापैकी कोणालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने ती मागे घेतली आणि तो लटकला. टिट्युबा जगली. तक्ता पुरा होता होता वर्गाचा सूर बदलतो. खरे बोलणारे मेले आणि खोटे बोलणारे वाचले, हे वाक्य मुलांकडूनच येते. शिक्षकाने ते आधी म्हणू नये.

मेरी वॉरनची कहाणी याच तक्त्यात बसत नाही, म्हणून ती वेगळी सांगावी. वीस वर्षांची ही मोलकरीण जॉन प्रॉक्टरच्या घरी होती. प्रॉक्टरने दम देऊन तिला चरख्यापाशी बसवले तेव्हा तिचे आचके थांबले. पुढे तिने बाकीच्या मुली ढोंग करतात असे सांगितले, आणि लगेच त्या मुलींनी तिच्यावरच आरोप केला. काही आठवड्यांत ती पुन्हा आरोप करणाऱ्यांच्या बाकावर होती. गटातून बाहेर पडायची किंमत काय असते, हे समजावायला याहून चांगले उदाहरण सेलमच्या कागदांत नाही.

पुराव्याचा मुद्दा इतका चमत्कारिक आहे की तो सोपा होतो. आरोपीचे भूत, म्हणजे तिची आकृती, आपल्याला चिमटे काढते असे मुलगी म्हणे. ती आकृती इतर कोणाला दिसत नसे. आणि ती व्यक्ती त्या वेळी घरी झोपलेली होती हे सिद्ध करून उपयोग नसे, कारण शरीर घरी आणि आकृती इथे. सैतानाला निरपराध माणसाचे रूप घेता येते का, यावर धर्मशास्त्र्यांत वाद होता. येत असेल, तर हा पुरावा शून्य. गव्हर्नर विल्यम फिप्सने २७ मेला नेमलेल्या खास न्यायालयाचा प्रमुख विल्यम स्टॉटन याने तो ग्राह्य धरला. २ जूनला ब्रिजेट बिशपवर खटला, १० जूनला फाशी. नॅथॅनियल सॉल्टनस्टॉल हा न्यायाधीश राजीनामा देऊन बाहेर पडला, बाकीचे राहिले.

रेबेका नर्सच्या खटल्यात ज्यूरीने आधी निर्दोष असा निकाल दिला होता. मुलींनी आरडाओरडा केला, स्टॉटनने तिच्या एका वाक्याकडे ज्यूरीचे लक्ष वेधले, ज्यूरीने तिला त्या वाक्याचा अर्थ विचारला, आणि तिला तो प्रश्न ऐकूच आला नाही. ती गप्प राहिली म्हणून दोषी ठरली. ३९ शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. सह्या करणाऱ्यांवर त्याच दिवसांत आरोपाची टांगती तलवार होती, हे सांगितल्याशिवाय ३९ या आकड्याचे वजन मुलांना कळत नाही. गावात धाडसी माणसे होती. ती अपुरी पडली.

काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, यावर वयाची मर्यादा हवीच. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना अफवा, घाबरलेले गाव आणि अन्यायाने झालेली शिक्षा एवढे पुरते. जाईल्स कोरीचा मृत्यू, फाशीचे तपशील त्यांना नकोत. डोरोथी गुडची गोष्ट तर नकोच. सारा गुडची ही मुलगी चार-पाच वर्षांची होती. तिला अटक करून बेड्या घातल्या, ती सात-आठ महिने तुरुंगात राहिली, तिची आई फासावर गेली. १७१० मध्ये तिच्या बापाने भरपाईच्या अर्जात लिहिले की त्या दिवसांपासून मुलीचे भान हरपले ते परत आले नाही. आठवी-नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगता येते, पण तासाच्या शेवटी नाही. तिच्यानंतर बोलायला वेळ राहिला पाहिजे. त्याच तासाला तुरुंगाचे बिलही दाखवावे: कैद्याच्या जेवणाचा, बेड्यांचा खर्च कैद्याच्याच माथी, आणि निर्दोष सुटला तरी बिल फेडेपर्यंत आत. पॅरिसने टिट्युबाचे पैसे भरले नाहीत, म्हणून ती १६९३ पर्यंत कोठडीत राहिली. दुसऱ्या कोणी पैसे भरून तिला विकत घेतले तेव्हा सुटली.

यानंतर कारणांचा प्रश्न येतो आणि मुलांना एकच कारण हवे असते. सगळ्यांत लोकप्रिय उत्तर बुरशीचे. राईवर वाढणाऱ्या अर्गट बुरशीने भास आणि आचके येतात, तेव्हा सेलमच्या मुलींना विषबाधा झाली असावी, असे १९७६ मध्ये लिंडा कॅपोराएल यांनी मांडले. त्याच वर्षी निकोलस स्पॅनोस आणि जॅक गॉटलिब यांनी ते खोडून काढले: लक्षणे आरोपी दिसली की येत आणि तिला हलवले की जात, विषबाधा अशी माणूस पाहून येत नाही, शिवाय एकाच घरात एकच भाकरी खाणारे बाकीचे धडधाकट होते. तरी हे उत्तर पुस्तकांतून आणि माहितीपटांतून जात नाही. त्याचे आकर्षण उघड आहे. बुरशीने केले म्हटले की कोणीच काही केलेले राहत नाही. उलट पॉल बॉयर आणि स्टीफन निसेनबॉम यांनी १९७४ मध्ये गावातली भांडणे आणि जमिनीचे नकाशे जुळवून दाखवले, मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मध्ये सरहद्दीवरच्या युद्धाची भीती. दोन्ही वाचावीत, एकावरच पैज लावू नये.

सामूहिक उन्माद हा शब्द इथे सैल वापरला जातो. शरीरात रोग नसताना खरी लक्षणे एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरणे, असा त्याचा नेमका अर्थ. ३० जानेवारी १९६२ रोजी टांगानिकातल्या काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत तिघींना हसू आवरेनासे झाले. पसरत पसरत १५९ पैकी ९५ मुली त्यात सापडल्या. हसणे, रडणे, सैरावैरा धावणे. शिक्षकांपैकी कोणालाही बाधा झाली नाही. मार्चमध्ये शाळा बंद केली, मुली घरी गेल्या आणि काही गावांत ते हसू त्यांच्याबरोबर गेले. त्यात मजा नव्हती. मुली थकून, घाबरून जात. त्याआधी १५१८ मध्ये स्ट्रासबर्गला माणसे दिवसेंदिवस नाचत राहिली, आणि नाचल्यानेच उतरेल म्हणून नगरपालिकेने सभागृहे आणि वाजंत्री पुरवली. नाचणारे वाढले.

ही दोन उदाहरणे सेलमशेजारी ठेवली की एक गोष्ट सुटी होते. काशाशात लक्षणे पसरली, पण कोणाला फाशी झाली नाही, कारण हसण्याचा दोष कोणावर ठेवायची यंत्रणा तिथे नव्हती. सेलममध्ये दोन साथी होत्या. आचक्यांची साथ तुलनेने थोड्या जणांपुरती राहिली. आरोपांची साथ मोठ्या माणसांनी वॉरंटे काढून, प्रश्न विचारून, कबुलीला बक्षीस देऊन पसरवली. नऊ वर्षांच्या मुलीला वॉरंट काढता येत नाही. कोर्टातल्या तक्रारींवर सह्या ॲन पुटनमच्या बापासारख्या मोठ्या पुरुषांच्या आहेत. ‘मुलींनी गाव पेटवले’ अशी मांडणी त्यामुळे चुकीची आहे, आणि वर्गातल्या मुलींवर अन्याय करणारीही. आचके खोटे होते की खरे, हा प्रश्न तर आज सुटण्याजोगा नाही. काही ढोंग, काही भीती, काही दोन्हींची सरमिसळ, असे मानायला जागा आहे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी एकामागून एक मुली चक्कर येऊन पडतात, तेव्हा ‘नाटक करू नका’ म्हणणारा शिक्षक आणि ‘बाहेरची बाधा’ म्हणणारा पालक दोघेही प्रकरण वाढवतात. गर्दी हटवणे, मुलींना एकमेकींपासून दूर शांत बसवणे, डॉक्टरला दाखवणे आणि आवाज न चढवणे, एवढ्याने ते सहसा उतरते.

अमेरिकी शाळांत सेलमसाठी एक खेळ खेळवतात. शिक्षक प्रत्येकाच्या कानात ‘तू चेटकीण’ किंवा ‘तू साधा गावकरी’ असे सांगतो आणि मुलांनी चेटकीण नसलेले मोठ्यांत मोठे गट करायचे. मुले एकमेकांना हुसकतात, हाकलतात. शेवटी कळते की कोणाच्याच कानात चेटकीण सांगितलेले नव्हते. खेळ परिणामकारक आहे यात वाद नाही. पण तो वर्गात आधीच असलेल्या भेगांवरून चालतो. जी मुलगी एरवीही एकटी डबा खाते, तिलाच पहिल्यांदा हाकलतात, आणि खेळ संपला तरी तिची जागा बदलत नाही. वर्गाची नीट ओळख नसताना, वर्षाच्या सुरुवातीला, तो खेळवू नये. आणि बदली शिक्षकाने तर कधीच नाही. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायचा तर मुलांना आरोपी किंवा आरोप करणारी न बनवता ज्यूरी, कारकून, अर्जावर सही करावी की नाही या विचारात पडलेले शेजारी, अशा भूमिका द्याव्यात. त्या माणसांच्या हातात काहीतरी होते.

आर्थर मिलरचे ‘द क्रुसिबल’ हे १९५३ चे नाटक वरच्या वर्गांत वाचून घेतात. ते मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेवरचे नाटक आहे आणि त्या हिशेबाने उत्तम आहे. इतिहास म्हणून नाही. मिलरने अकरा वर्षांच्या ॲबिगेलला सतरा वर्षांची आणि साठीच्या प्रॉक्टरला तिशीतला केले, म्हणजे दोघांत प्रेमप्रकरण घालता आले. गावाने केलेला अन्याय त्यामुळे एका मुलीच्या सुडाची गोष्ट होतो. नाटक आधी वाचलेल्या मुलांना कागद नंतर फिके वाटतात, म्हणून क्रम उलटा ठेवावा.

मराठी शाळेत सेलम परदेशी राहत नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याच्या, गावाबाहेर काढण्याच्या घटना आजही होतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते, असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे त्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. सारा गुडवरचे आरोप वाचलेल्या मुलांना हे कलम वाचून दाखवले तर समजावून सांगावे लागत नाही. कायद्याचे तोंड फिरले आहे: तेव्हा चेटूक करणे गुन्हा होता, आता चेटकीण म्हणणे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांची भानामतीच्या प्रकरणांतली पद्धतही शिक्षकाने माहीत करून घेण्याजोगी आहे. कपडे पेटणे, दगड पडणे यामागे बहुधा घरातलेच एखादे त्रासलेले माणूस, पुष्कळदा मूल किंवा सून असते. तपास करणारे त्याच्यापर्यंत पोचतात, पण नाव चव्हाट्यावर आणत नाहीत; घरच्यांशी बोलून त्रासाचे मूळ पाहतात.

राईनपाड्याचे उदाहरण जपून वापरावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. अफवा मोबाइलवरून फिरत होती. सेलमशी साम्य दिसते ते परक्या, निराधार माणसाला निवडण्यात आणि मुलांच्या काळजीपोटी सुरुवात होण्यात. फरक मात्र मोठा आहे. राईनपाड्यात जमावाने कायदा मोडला. सेलममध्ये कायदा पाळला गेला: वॉरंट, साक्ष, ज्यूरी, सही, शिक्का. मुलांना जमाव ओळखता येतो. कागदपत्रे नीटनेटकी असताना होणारा अन्याय ओळखायला त्यांना शिकवावे लागते, आणि सेलम त्यासाठी आहे.

शेवटचा भाग सुधारणेचा, तो घाईत गुंडाळला जातो. ऑक्टोबर १६९२ मध्ये इन्क्रीज मॅथरने लिहिले की एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. महिनाअखेर फिप्सने खास न्यायालय मोडले. जानेवारीत नव्या न्यायालयाने आकृतीचा पुरावा नाकारल्यावर खटले जवळजवळ आपोआप कोसळले. १४ जानेवारी १६९७ ला वसाहतीने उपास पाळला आणि न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल चर्चमध्ये उभा असताना धर्मोपदेशकाने त्याचा माफीनामा वाचला. १२ ज्यूरींनीही लेखी माफी मागितली. स्टॉटनने कधीच मागितली नाही. ॲन पुटनमने १७०६ मध्ये मागितली, पण सैतानाने भुलवले असे म्हणून. या माफ्या शेजारी ठेवून कोणी काय कबूल केले आणि काय टाळले, हे मुलांना शोधायला द्यावे. १७११ मध्ये बऱ्याच जणांची शिक्षा रद्द होऊन भरपाई दिली गेली, तरी काही नावे राहिली. १९५७ आणि २००१ मध्ये आणखी काही धरली गेली.

एलिझाबेथ जॉन्सन तेव्हाही सुटली नाही. अँडोव्हरची ही २२ वर्षांची मुलगी, बुद्धीने साधी, दबावाखाली कबुली देऊन बसलेली. फाशीची शिक्षा झाली, फिप्सने ती थांबवली, म्हणून ती मेलेल्यांच्या यादीत आली नाही. १७१२ मध्ये तिने स्वतः अर्ज केला होता. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे तिच्या वतीने भांडणारे वंशजही नव्हते. नॉर्थ अँडोव्हरमधल्या एका शाळेच्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हे प्रकरण हाती घेतले, कागद शोधले, आमदारांना पत्रे लिहिली, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याच्या कायद्याने तिचे नाव निर्दोष झाले. वर्गात हे सांगताना मुलांचे कौतुक थोडे आवरून त्यांनी काय काय केले ते सांगावे: शिक्षा झाल्याचा कागद, तिचा अर्ज, आधीच्या कायद्यांतल्या याद्या, आणि त्या याद्यांत तिचे नाव नसल्याची खात्री.

परीक्षेत ‘सेलमच्या खटल्यांची कारणे लिहा’ हा प्रश्न घातला तर मुले युद्ध, भांडण, अंधश्रद्धा अशी यादी उतरवतात आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एखादी न शिकवलेली प्रश्नोत्तरे द्यावीत, मेरी ईस्टीची किंवा मार्था कोरीची, आणि दोनच प्रश्न विचारावेत: दंडाधिकाऱ्याला उत्तर मिळण्याआधीच काय माहीत होते, आणि कोणत्या उत्तराने ही बाई सुटली असती? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसते. तसे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत.